जोतीमामाचं नाक

– न्हाय न्हाय, ते पत्र आधी घडी कर आणि पर्समध्ये ठेव बघू – वाचलं मी, दोनदा वाचलं, ‘श्री. विश्वजित यांनी विहित चाचणी न करता टाकीत आम्ल सोडले’ – ही कंपनीची भाषा हाय राजलक्ष्मी, सुट्टीचा अर्ज फेटाळला तरी असंच लिहितात ते. बस. पंख्याखाली बस. चार माळे चढून आलीस, घाम बघ किती आलाय. बाळाबाई, तुमची मामी, भाजीला गेलीय सेक्टर आठला, ती एक तास काय यायची न्हाय, भाव करत बसते – म्हणून मीच दूध ठेवलंय बारीक ग्यासवर, चहा घेऊनच जा. तुझा नवरा माझ्या चहाला काय म्हणायचा ठाऊक हाय? मामा, ह्याचा पीएच काढू का? – असा. टिंगल करायचा, पण दोन कप प्यायचा. आज नववा दिवस ना गं? तोंडातली नळी अजून तशीच? डॉक्टर काय म्हणले, शुद्धीवर ‘येईल’ म्हणले का ‘येऊ शकेल’ म्हणले? – न्हाय, फरक हाय म्हणून विचारलं. असू दे. नको सांगू.

व्हय, ऐकलं मी. दारातच म्हणलीस ते ऐकलं. त्या दिवशी त्याला सर्दी होती, सकाळी तूच वाफ दिलीस, नाक पार चोंदलेलं – मंग चोंदल्या नाकाचा माणूस टाकीचा वास घेईल कसा, त्यानं मामाला विचारलंच असेल – हेच ना? सांगतो. सगळं सांगतो, मी काय कुठं पळून चाललोय? पण तू पडलीस कॉमर्सवाली. उद्या अकरा वाजता चौकशीच्या साहेबांपुढं जाऊन बसणार तू, आणि ते विचारणार, बाई, चाचणी म्हंजी काय, तर तू काय सांगणार? आधी अभिक्रिया समजून घे. दोन वस्तू एकत्र आल्या आणि तिसरंच काहीतरी झालं – ती अभिक्रिया. एवढं सोपं हाय. अवघड काय हाय तर ते ओळखणं – की झाली का न्हाय, आणि झाली तर कुठल्या जातीची झाली. आमच्या सांडपाण्याच्या प्लांटवर दुसरं कामच न्हाय. कंपनीतलं सगळं घाण पाणी आमच्याकडं येतं, त्यात काय हाय ते ओळखायचं, त्याला शांत करायचं, मंगच पुढं सोडायचं. विश्वजित बी.एस्सी. होऊन आला ना, त्यानं मला पुस्तकातली नावं सांगितली – संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन – मी दहावी नापास माणूस, माझ्या तोंडात बसंनात ती. मी आपली माझी ठेवली. जोड, तोड, धक्का आणि अदलाबदल. तो म्हणला, मामा, ही पुस्तकापेक्षा भारी हायत. वहीत लिहून घेतली त्यानं, खरंच, वहीच्या मागच्या पानावर असतील बघ.

जोड म्हंजी काय – कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की काय होतं? उकळल्यागत होतं, फुटतं, फुलतं, आणि हात लावायची सोय न्हाय एवढी बादली तापते. दोघं होते, एक झाले. ओळखायचं कसं? बादलीला लांबनं हात दाखव, ऊब लागली की समज जोड झाली. सगळ्याच जोडी तापतात असं न्हाय, पण आमच्याकडच्या बहुतेक. आणि तोड उलटी – एक आत जातो, दोन बाहेर येतात. चुनखडी भट्टीत घातली की चुना मागं राहतो आणि वायू निघून जातो. मंग जो निघून गेला तो कुठं गेला ते शोधायचं. तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला तर निवळी दुधासारखी होते – झालं, सापडला. समजतंय ना? का उगाच मान हलवतीस? विश्वजितला शिकवताना मी विचारायचो, समजलं का, तर तो म्हणायचा, मामा, तुमी मला शिकवताय का मी तुमाला? – आणि हसायचा. पोरगं हसायचं लई.

धक्का मी आमच्या आबाकडनं शिकलो, पुस्तक हातात धरायच्या आधी. खटावला आमची द्राक्षं होती, तळहाताएवढा तुकडा. फवारायला आबा पिंपात मोरचूद आणि चुना कालवायचा – आकाशी रंगाचं पाणी – आणि फवारण्याआधी कमरेचा विळा काढून त्यात बुडवायचा. क्षणभर धरायचा, वर काढून उन्हाला बघायचा. पात्याला तांबूस रंग चढला तर म्हणायचा, जोत्या, चुना कमी हाय, पानं जळतील, टाक अजून. का चढायचा रंग? तर लोखंड जोरावर असतं, ते मोरचुदातल्या तांब्याला ढकलून त्याच्या जागेवर जाऊन बसतं, आणि बिचारं तांबं बाहेर येऊन विळ्याला चिकटतं. जोरवाल्यानं कमजोराला घराबाहेर काढायचं, हा धक्का. ओळखायचं रंगावरनं. पुस्तकात त्याला विस्थापन म्हणतात, आणि हा शब्द विश्वजितनं पहिल्यांदा काढला तेव्हा सिताराम तिथंच होता – आमचा टाकी साफ करणारा सिताराम, इथल्याच गावचा – तो म्हणला, “मामा, आमाला कोन शिकवतं विस्थापन? आमचे मिठागरावर तुमचा शेक्टर बसलाय!” – लई हसलो आमी. मी पण हसलो, मी तर त्याच सेक्टरात ऱ्हातो. सिताराम असा होता. – असू दे. सिताराम असू दे आता.

चौथी अदलाबदल. हिच्याकडं लक्ष दे, कारण तुझ्या पत्रात जे लिहिलंय ते हिच्यामुळं. दोन जोड्या समोरासमोर येतात, आपापले जोडीदार बदलतात आणि दोन नव्या जोड्या होऊन निघतात. मगाचंच पिंप घे – मोरचूद आणि चुना – त्यांचीबी अदलाबदलच होते, आणि आकाशी साका तयार होतो, ठेवलं तर तळाला बसतो. ही ओळखायला सोपी, डोळ्याला दिसते, खाली बसते. पण पोरी, सगळ्याच अदलाबदली खाली बसत न्हाईत. काही वर जातात. रंग न्हाय, साका न्हाय, बादली तापत न्हाय, पाणी जसंच्या तसं नितळ – आणि वर वायू चाललाय. ती कशी ओळखायची? डोळ्यानं न्हाय ओळखता येत. हातानं न्हाय. ती ओळखायची ह्यानं – ह्या नाकानं.

आणि ह्या नाकाबद्दल तू कंपनीत कुणालाबी विचार. एकतीस वर्सं. रबाळ्याच्या त्या गेटातनं मी आत गेलो तेव्हा ह्या बिल्डिंगा नव्हत्या. दुसऱ्या प्लांटचे साहेब लोक बाटली घेऊन यायचे माझ्याकडं – जोतीमामा, जरा बघा हो, ह्यात काय गेलंय. मी बाटली नाकाला न्हाय लावायचो, लावायची नसतेच कधी, हातानं वारा घालून वास आपल्याकडं आणायचा, एवढासा, आणि सांगायचो – व्हिनेगरच्या जातीचं हाय, ह्यात अल्कोहोल गेलंय, ह्यात सल्फाईड हाय. सल्फाईडला तर मी दोन टाक्या पलीकडनं ओळखायचो. एका दिवाळीला म्यानेजरनं सगळ्यांसमोर माझं नाक धरलं, खरंच, चिमटीत धरलं आणि म्हणला, ह्या नाकाचा विमा उतरवायला पायजे. फोटो हाय त्याचा, तो बघ, टीव्हीच्या वर. पार्टी होती ती. – तिकडं काय बघतीस? फोटो इकडं हाय. आत काय न्हाय, स्वयंपाकघर हाय, बाळाबाई आली न्हाय अजून.

तर विश्वजित म्हणायचा, मामा, तुमचे चार प्रकार ठीक, पण पाचवं राहिलं – ऑक्सिडीकरण – म्हंजी गंजणं, जळणं. मी म्हणलं, बाबा, गंजणं मला काय शिकवतोस, ही खिडकीची जाळी बघ, खाडीच्या वाऱ्यानं तीन वर्सांत पापड झालाय तिचा. आणि जळणं तर जन्माच्या आंधळ्यालाबी कळतं, त्याला काय चाचणी करायची? उष्णता निघते, धूर निघतो, आणि त्याच्या आधी वास निघतो. जळकं म्हणलं की माझं नाक – खालच्या मजल्यावर कुणाची फोडणी करपली तर मी इथनं बाळाबाईला सांगतो, मोहरी जास्त झाली त्यांची. असं नाक हाय. – रडू नको गं. ओढणी कशाला लावतीस तोंडाला, रडून काय व्हायचंय. डोळं पूस. मी हाय ना. उद्या मी येणारच हाय तिथं, मी सांगीन साहेबांना की पोरगं हुशार होतं, हाताखाली शिकलं माझ्या, चुकून – न्हाय, चुकून न्हाय म्हणायचो, मी आपलं म्हणीन की – उठलीस का? खोकतीस का एवढी? पाणी देऊ? – काय? – काय म्हणतीस, ग्यास? – अगं दूध!

बंद कर, बंद कर, फडक्यानं धर, पातेलं तापलेलं असंल – खिडकी उघड, वर कडी हाय तिची. – पार काळं झालं ना? धूर दारापर्यंत आलाय की. आत्ता दिसतोय मला. बोलण्याच्या नादात बघ – माणूस बोलायला लागला की – बाळाबाई आल्यावर शिव्या घालणार मला, पातेलं नवं होतं. ठेव ते मोरीत, पाणी घाल त्यात, मी नंतर घासतो. तू ये बाहेर. बस. – बस ना. उभी का? असं बघत का उभी राहिलीस दारात? विसर पडतो गं माणसाला, वय झालं, सत्तावन्न पुरी झाली, आणि त्यात तुझं हे टेन्शन डोक्याला – माझं लक्ष न्हाय गेलं, एवढंच –

न्हाय. लक्ष न्हाय असं न्हाय.

वास न्हाय आला. झालं? ऐकायचं होतं ना तुला – न्हाय येत मला वास. दुधाचा न्हाय, फोडणीचा न्हाय, उदबत्तीचा न्हाय, कशाचाबी न्हाय येत. कोरोनात गेला. दुसऱ्या लाटेत आमी दोघंबी पडलो होतो, बाळाबाईला पंधरा दिवसांत परत आला, मी म्हणलं माझाबी येईल, आज येईल उद्या येईल – चार वर्सं झाली. बाळाबाईला ठाऊक न्हाय. डॉक्टरकडं गेलो न्हाय, कारण डॉक्टर कंपनीचा. कुणाला सांगू, काय सांगू? एकतीस वर्सं ज्या नाकावर माणसं मला मामा म्हणली, ते नाक मेलं म्हणून सांगू? दुसरं हाय काय माझ्याकडं, दहावी नापास माणसाकडं? पोरं माझ्या मागं शिकून केमिस्ट झाली, सुपरवायझर झाली, माझ्याकडं तेवढं एकच होतं.

बस तरी. खाली बस. उभ्यानं ऐकू नको.

तू म्हणशील चार वर्सं कसं चालवलं. चालवलं. अमोनिया असला तर तो झोंबतो, वास येवो न येवो, डोळ्यात पाणी येतं, टोचतं – मी म्हणायचो, अमोनिया हाय. क्लोरीन घशाला लागतो. ॲसिडचा धूर तर दिसतोच. अर्ध्या गोष्टी अशा टोचण्यावर ओळखल्या. पण सल्फाईडचा वायू – थोडा असला की तो टोचत न्हाय. कुजक्या अंड्याचा वास, बाकी काही न्हाय. मंग मी काय करायचो? मी तोंडं बघायचो. बीकरमध्ये पाणी घ्यायचो, दोन थेंब ॲसिड टाकायचो, कारण पाण्यात सल्फाईड असंल तर ॲसिड पडल्या पडल्या अदलाबदल होते आणि तो वायू निघतो – तर थेंब टाकायचो आणि शेजारी कुणाला तरी उभं करायचो. बहुतेक सितारामला. मी खोटंखोटं वारा घालून वास घ्यायचो आणि माझं सगळं ध्यान सितारामच्या तोंडावर. त्याचं नाक आक्रसलं, तोंड वाकडं झालं, की मी म्हणायचो – सल्फाईड हाय, ॲसिड सोडायचं न्हाय. सिताराम म्हणायचा, मामा, काय नाक हाय तुमचं! चार वर्सं सितारामच्या नाकानं मी मोठेपण मिरवलं. त्याला कळलंसुद्धा न्हाय कधी.

खरी चाचणी पट्टीची असते. पांढरी कागदाची पट्टी, लेड लावलेली, बीकरच्या तोंडावर धरायची, सल्फाईड असंल तर काळी पडते – संपलं, नाकाची गरजच न्हाय, लहान पोरालाबी जमंल. कंपनीचा नियमबी तोच हाय, तुझ्या पत्रात ‘विहित चाचणी’ लिहिलंय ती हीच. पण आमच्याकडं कुणी पट्टी वापरायचंच न्हाय. का? तर जोतीमामा हाय ना. मामानं वास घ्यायचा, मामा म्हणला सोड, की ॲसिड सोडायचं, आणि रजिस्टरमध्ये पट्टीच्या रकान्यात ‘ओके’ लिहायचं. वर्सानुवर्सं. म्यानेजरला ठाऊक, सगळ्यांना ठाऊक. रजिस्टरला नाकाचा रकाना न्हाय गं. नाव ज्यानं लिहिलं त्याचं. आणि त्या दिवशी लिहिणारा तुझा नवरा.

दुपारची तीनची वेळ. तीन नंबर प्लांटचं धुण्याचं पाणी आलेलं, टाकी भरलेली, ॲसिड सोडून ते शांत करायचं होतं. सिताराम टाकीच्या पलीकडच्या अंगाला पाइप धूत होता. विश्वजित आला, बीकर घेऊन आला – आणि दुसऱ्या हातात पट्टीची डबी. आतापर्यंत कधी आणली न्हाय ती. मी म्हणलं, हे काय? तो म्हणला, “मामा, मला आज सर्दी हाय, काहीच वास येत नाही, म्हणून म्हटलं पट्टी लावू.” – असं म्हणला. चारचौघांत, मोकळेपणानं. मला वास येत नाही. किती सोपं हाय बघ, चार शब्द. चार वर्सं माझ्या तोंडातनं जे निघालं न्हाय ते त्यानं शिंकता शिंकता सांगून टाकलं. आणि मला राग आला. कशाचा राग ते मला तेव्हा कळलं न्हाय, आता कळतंय. मी म्हणलं, तुझं नाक चोंदलं, माझं मेलंय का? दोन कामगार उभे होते, ते हसले. मी त्याच्या हातातनं डबी घेतली आणि कपाटावर टाकली. म्हणलं, ठेव ते खेळणं. बीकरमध्ये थेंब टाकलं. वारा घातला. आणि सवयीनं – सवयीनं गं – शेजारच्या माणसाच्या तोंडाकडं बघितलं. विश्वजितच्या. तोंड सरळ होतं. नाक आक्रसलं न्हाय, काही न्हाय, माझ्याकडं बघून हसत होता. तोंड सरळ बघितलं आणि मी म्हणलं, काय न्हाय ह्यात, खुशाल सोड.

त्याचं नाक चोंदलंय हे त्यानंच मला दोन मिनिटं आधी सांगितलं होतं. राजलक्ष्मी, दोन मिनिटं आधी.

त्यानं ‘ओके’ लिहिलं, वर गेला आणि ॲसिडचा व्हॉल्व्ह उघडला. मी खाली होतो. मला काहीच कळलं न्हाय. पाणी नितळ, रंग न्हाय, साका न्हाय – नुसता आवाज आला, पोतं पडल्यागत. विश्वजित टाकीवरच्या लोखंडी जाळीवर आडवा झालेला. सिताराम पलीकडनं ओरडत पळाला – “मामा, वास! वास!” – त्याला पलीकडं आला होता वास, मला मधोमध उभं राहून न्हाय आला – आणि तो वर चढला, तुझ्या नवऱ्याला त्यानं पायाला धरून खाली ओढला, जिन्यापर्यंत आणला, आणि तिथंच तो स्वतः बसला. बसला तो उठलाच न्हाय. मी तोवर गेटकडं पळत होतो, मदत आणायला. मदत आणायलाच पळालो मी. तसंच लिहिलंय माझ्या जबाबात.

सितारामच्या घरी गेलो होतो दहाव्याच्या – न्हाय, दहावा उद्या हाय, मी तिसऱ्या दिवशी गेलो होतो. विमलबाई, त्याची बायको, भिंतीला टेकून बसलेली. मला बघितलं आणि म्हणाली, मामा, तुमी तिथं असता तर घात झाला नसता, ते नेहमी सांगायचे, मामा वासावरनं थांबवतात. मी तिथं नव्हतोच असं तिला वाटतंय. हात जोडले आणि उठलो. खाली आल्यावर चप्पल उलटी घातली ते कोपऱ्यावर कळलं.

उद्याचं मी काय ठरवलं होतं सांगू? पाठ केलंय मी. साहेब विचारतील, तुमी हजर होता, वास आला न्हाय का? – तर मी म्हणणार होतो, साहेब, हा वायू जास्त झाला की नाकाची नसच बधिर करतो, कुणालाच वास येत न्हाय. खरं हाय ते, पुस्तकात हाय, तुझ्याच नवऱ्यानं मला सांगितलेलं. मोठ्या टाकीजवळ खरं हाय. पण बीकरमध्ये दोन थेंबांनी नस बधिर होत न्हाय. हे साहेबांना सुचलं न्हाय तर मी सुटतो, आणि पट्टीच्या रकान्यात खोटं लिहिलं म्हणून तुझा नवरा अडकतो – सितारामचा जीव गेला, निष्काळजीपणाचा गुन्हा, पोलीस येऊन गेले ना दवाखान्यात? शुद्धीवर आला तर त्याला उठल्या उठल्या हेच ऐकायला मिळणार. आणि न्हाय आला शुद्धीवर – तर कायमचं त्याच्याच नावावर.

व्हय. ठाऊक हाय तू काय म्हणणार. खरं सांगा म्हणणार. मी सांगीन म्हणतोय, आत्ता तुझ्यासमोर सांगितलंच की सगळं – पण पोरी, इथं सांगणं वेगळं. ह्या खोलीत दुधाचा धूर हाय, तू बघितलंस, मला लपायला जागा राहिली न्हाय, म्हणून निघालं तोंडातनं. तिथं टेबल असणार, म्यानेजर असणार, माझ्या हाताखालची पोरं रांगेत उभी असणार, आणि कुणीतरी म्हणणार, या जोतीमामा, बसा. मामा म्हणलं की झालं. मी परत ताठ होणार, मला माझी खात्री हाय. रोज सकाळी ठरवतोय ना नऊ दिवस, आज जाऊन सांगायचं म्हणून – गेटावर वॉचमन सलाम करतो आणि मी आत जाऊन गप बसतो. मला न्हाय जमायचं. मला जमलं असतं तर तुला इथं यायलाच लागलं नसतं.

तू सांग. रडू नको, ऐक, तू सांग त्यांना. नुसतं म्हणू नको, म्हणलीस तर मी खोटं पाडीन तुला, भर खोलीत म्हणीन, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय दुःखानं – म्हणीन मी, ओळखतो मी मला. म्हणून नुसतं बोलायचं न्हाय. चाचणी घ्यायची. साहेबांना म्हण, ह्या माणसाचे डोळे बांधा. घट्ट बांधा, फटीतनं बघेल तो. खोलीतली बाकीची माणसं त्याच्या मागं उभी करा, त्याला कुणाचं तोंड दिसलं न्हाय पायजे. अमोनियाची बाटली आणू देऊ नको, कंपनीवाले मुद्दाम अमोनिया आणतील, मला टोचतो तो, मी ओळखीन आणि सुटीन. ॲसिड नको. कापूर नको, निलगिरी नको, तीबी थंड लागते. अंडं घे. आजच घे, फोडून उन्हात ठेव, उद्यापर्यंत पुरे नासंल. एका वाटीत अंडं आणि एका वाटीत साधं पाणी. न बोलता धरायचं नाकाखाली, दहा वेळा, कधी हे, कधी ते. मी सांगत जाईन – हाय, न्हाय, हाय – मोठ्या तोऱ्यात सांगीन, तू घाबरू नको. निम्मं तरी चुकंल, नाकवाल्याचं एकबी चुकत न्हाय. लिहून घ्यायला लाव साहेबांना. रजिस्टरमध्ये, माझ्या नावासमोर.

कळलं? वाटी झाकून ने. – काय थँक्यू म्हणतीस, वेडी हायस का. ऊठ. चप्पल घाल. जिन्यावर पावलं वाजतायत, बाळाबाई असंल, तिला सांगू नको कशाला आली होतीस. पत्र घेतलंस ना? – मंग जा. बघू नको माझ्याकडं, जा म्हणलं ना.